सोलापुरातल्या कन्ना चौकाजवळच्या खाणावळीतला खरा कट

दारातल्या फळीवर खडूने एवढंच लिहिलं होतं: ‘शुक्रवारी पोळी आणि कट’. आमटी हा शब्दच नाही, नुसतं ‘कट’. माझ्या सासूबाई असंच म्हणायच्या, म्हणून मी आत शिरले. गेल्या चार महिन्यांत बहुतेक शुक्रवारी तिथे जेवले आहे.

माझं माहेर मोहोळकडचं. आमच्याकडे पुरणाची डाळ शिजली की ती येळून जे पाणी निघतं त्याला येळवणी म्हणतात. सासर अक्कलकोटचं, घरात अर्धं बोलणं कानडीत. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला सासूबाई म्हणाल्या, “कट सांडू नको गं, जपून ओत.” कट म्हणजे काय, विचारलं, तर त्यांनी रोळीखालचं पातेलं पुढे केलं. तेच पिवळसर, दाट पाणी. तेव्हापासून माझ्या लेखी कटाची आमटी चांगली की वाईट हे त्या पाण्यावर ठरतं, मसाला नंतर.

हे सांगायचं कारण असं की अलीकडे या नावाखाली काहीही वाढतात. मागच्या वर्षी हमरस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात कटाची आमटी मागवली. वर बोटभर लाल तेल, खाली तुरीचं पातळ वरण. वाढप्याला विचारलं तर म्हणाला, “कट म्हणजे तर्रीच की, ताई.” त्याचंही अगदीच चूक नाही. कोल्हापूरकडे मिसळीवर ओततात तो झणझणीत रस्सा कटच, आणि कटवडाही त्यातलाच. पण पुरणपोळीच्या ताटात कट म्हटलं की हरभऱ्याच्या डाळीचं पाणी हवं. तिथे तेल वाढणं म्हणजे ताकाच्या जागी दही वाढण्यासारखं आहे.

या खाणावळीतल्या आमटीवर तेलाचे बारीक थेंब असतात, तवंग नाही. वाटी कलती केली की आमटी वाटीच्या कडेला किंचित धरून राहते. ते डाळीच्या पिठूळपणामुळे, बेसन लावल्यामुळे नाही. बेसन लावलं की जिभेवर लगेच कळतं. खाली चमचाभर पुरण विरघळलेलं असतं, त्याचा गोडवा आधी लागतो, मग चिंच, आणि घोट गिळल्यावर काळं तिखट. भाजलेलं सुकं खोबरं अगदी गंधासारखं वाटलेलं असतं, एक कण दाताखाली येत नाही. मी न राहवून चूल बघायला आत गेले. डाळीच्या चौपट तरी पाणी घातलं होतं, आणि डाळ बोटाने चेपली जाईल इतकी शिजल्यावरच अक्का ती रोळीत ओतत होत्या. पाणी कमी घातलं की कट कमी निघतो, आणि मग आमटीत साधं पाणी घालायची वेळ येते. त्या तसं करत नाहीत.

मालकीणबाईंना सगळेच अक्का म्हणतात. मोठ्या बहिणीसाठी हा शब्द मराठीत, कानडीत, तेलुगूत एकच, त्यामुळे कन्ना चौकात कुणालाच अडत नाही. माझ्या पानाशी वाकून त्यांनी विचारलं, “कट्टिन सार हाकलेनु?” म्हणजे कटाची आमटी वाढू का? कानडीत तो कट्टु, त्याचं ते कट्टिन सारु. शेजारच्या पाटावर यंत्रमागावरून जेवायला आलेले एक तेलुगू काका होते. त्यांनी मान वर करून सांगितलं, “मा इंट्लो पप्पुकट्टु अंटारु,” म्हणजे आमच्या घरी याला पप्पुकट्टु म्हणतात. पप्पु म्हणजे डाळ. त्यांच्याकडे त्याला पुरणच लागतं असं नाही, तुरीच्या डाळीचंही चालतं. तान्ह्या नातवाला ते पाणी मऊ भाताबरोबर भरवतात, असं ते कौतुकाने सांगत होते. मला हे फार आवडलं. आपल्याकडे शब्द पुरणाच्या पातेल्यापुरता राहिला, तिकडे तो रोजच्या डाळीला आहे.

गंमत म्हणजे दोन्ही भाषांत कट्टु म्हणजे बांधणंही. आपण बसतो तो कट्टासुद्धा कानडीतल्या कट्टेचाच. आणि त्याच पानावरचं पुरण कानडीत हूरण होतं. जुन्या कानडीतला ‘प’ पुढे ‘ह’ झाला. दूध पाल् होतं ते हालु झालं, तसंच हे. सार तर तिन्हीकडे: आपलं आमसुलाचं सार, कानडी सारु, तेलुगू चारु. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी बाराव्या शतकात कन्नड वचनं रचली, आणि त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज बघायला जमणारी गर्दी आजही या सगळ्या भाषा बोलते. असे शब्द या गावात ताटातच भेटतात.

आता उणं. पोळी मला जास्त गोड वाटते, वेलदोडाही पुढे पुढे करतो, आणि कणीक जाड लाटतात. अक्कलकोटच्या घरात पुरण कडेपर्यंत जायचं, इथे बोटभर कोरी कड उरते. भाकरी मात्र मंगळवेढ्याच्या ज्वारीची, तव्यावरून थेट पानात. मी हल्ली एकच पोळी घेते आणि उरलेला कट भाकरी कुस्करून खाते. भात ठीक. बसायला दहा-बारा पाट, गुडघे दुखत असतील तर भिंतीकडे एक बाक आहे. ताट १४० रुपये, आमटी हवी तितकी.

घरून डबा नेलात तर आमटी बांधून देतात. तसा नेलाच तर ती रात्रभर तशीच राहू द्या आणि सकाळी उकळा, आदल्या दिवसापेक्षा चांगली लागते. पण दुपारी एकच्या आत जा. डाळ येळून निघेल तेवढाच कट असतो; तो संपला की अक्का फळीवरचा शब्द ओल्या फडक्याने पुसून टाकतात.