सततचा थकवा : आहार, तपासून घेतलेल्या गोळ्या की ‘इम्युनिटी बूस्टर’?

थकव्याच्या तिसऱ्या महिन्यात माझ्या टेबलावर पाच बाटल्या जमल्या होत्या. मल्टिव्हिटॅमिन, झिंक आणि व्हिटॅमिन सीची गोळी, प्रतिकारशक्तीची पावडर, केसांसाठी म्हणून घेतलेलं बायोटिन आणि कुणीतरी काळजीपोटी आणून दिलेला वनस्पतींचा अर्क. एका दुपारी पाचही लेबलं समोर ठेवून बेरीज केली. तीन बाटल्यांतून मिळून दिवसाला ६० मिलिग्रॅमहून जास्त झिंक पोटात जात होतं. प्रौढांसाठी सांगितलेली वरची मर्यादा आहे ४०. जास्तीचं झिंक महिनोन्‌महिने घेतलं की शरीराला तांबं मिळेनासं होतं. मग रक्त कमी होतं आणि पांढऱ्या पेशीही घटतात. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी मी ते घेत होते, त्या दोन्ही बिघडण्याची ती सोय होती.

म्हणून निवड करण्याआधी एक विनंती. वजन आपोआप घटत असेल, रात्री ताप किंवा दरदरून घाम येत असेल, धाप लागत असेल, शौचावाटे रक्त जात असेल किंवा मन सतत खचलेलं असेल, तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. झोपेत मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं हेही थकव्याचं कारण असतं. त्यावर कुठलंही जीवनसत्त्व चालत नाही.

आहार आणि गोळ्या : लोहापासून सुरुवात

माझं हिमोग्लोबिन काठावर का होईना, ठीक होतं. त्यामुळे पहिल्या भेटीत मला ‘ताण कमी करा’ एवढंच सांगण्यात आलं. फेरिटिन तपासलं ते दुसऱ्या डॉक्टरांनी, आणि ते ९ निघालं. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. रोजचा डबा भरलेला दिसतो, पण कोठार रिकामं झालेलं असतं, तसा हा प्रकार. ३०च्या खाली गेलं की बरेच डॉक्टर कमतरता धरतात. शरीरात कुठे सूज किंवा संसर्ग असेल तर हा आकडा फसवा वर जातो, म्हणून तो एकटा वाचायचा नसतो.

इथे आहाराची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. कडधान्यं आणि पालेभाज्यांतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, मांस-मासळीतलं जास्त. जेवणात लिंबू किंवा दुसरं आंबट फळ असलं की शोषण वाढतं. जेवणाला लागूनच चहा-कॉफी घेतली की ते घटतं, म्हणून तासाभराचं अंतर ठेवायचं. साठा टिकवायला एवढं पुरतं. पण कोठार तळाला गेलं असेल तर नुसत्या आहाराने ते भरायला फार वेळ लागतो, तिथे गोळीच हवी. गोळीने पोट बिघडतं, मळमळतं आणि शौचाला काळं होतं. एक डोस घेतला की पुढचा साधारण एक दिवस शरीर लोहाचं दार थोडं लावून घेतं, त्यामुळे काही डॉक्टर ती दिवसाआड देतात. मला तीच पद्धत सोसली. अंगात त्राण काही आठवड्यांत परतू लागलं, साठा भरायला मात्र महिने गेले.

तरीही न तपासता लोह घेऊ नका. काहींच्या शरीरात जन्मजात दोषामुळे लोह साचत जातं, आणि त्या आजाराचं सुरुवातीचं लक्षणही थकवाच असतं.

बी-१२च्या बाबतीत गोळीचं किंवा इंजेक्शनचं पारडं आणखी जड आहे. हे जीवनसत्त्व प्राणिजन्य पदार्थांतूनच मिळतं, त्यामुळे दूध-अंडीही न खाणाऱ्यांना ते बाहेरून घ्यावंच लागतं. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर चांगलं खाऊनही ते कमी पडू शकतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर तपासणी लांबवू नका. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड (हेही एक ‘बी’ जीवनसत्त्वच) घेत राहिलं तर रक्ताचा अहवाल सुधारतो आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

व्हिटॅमिन डीचं थोडक्यात : अन्नातून ते फारसं मिळत नाही, कमतरता असेल तर पूरक घ्यावं, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रोज ४००० युनिटच्या वर नको. आणि थायरॉइडची तपासणी करायची असेल तर बायोटिन घेत असल्याचं आधी सांगा. त्यामुळे अहवाल चुकीचा येऊ शकतो.

‘इम्युनिटी बूस्टर’

या वाटेबद्दल मी स्पष्टच बोलते : थकव्यासाठी ही निवडू नका. फ्लूमध्ये अंग गळून जातं, त्यात मोठा वाटा आपल्याच प्रतिकारशक्तीने सोडलेल्या रसायनांचा असतो. त्यातलंच इंटरफेरॉन औषध म्हणून टोचलं की रुग्ण थकव्याने अंथरुणाला खिळतात, हे डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. रुमॅटॉइड संधिवातासारख्या आजारात तर प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटलेली असते. तिथे ‘वाढवायचं’ काय? काही वनस्पतिजन्य अर्कांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, अश्वगंधाही त्यात आली. प्रतिकारशक्तीला लागतं ते पुरेसं प्रथिन, झोप, वेळेवर लस आणि कमतरता नसणं. यातलं प्रथिन आणि कमतरतेवरचा उपाय पहिल्या दोन वाटांवरच, म्हणजे आहारात आणि तपासून घेतलेल्या गोळ्यांत, मिळतो.

सगळे अहवाल चांगले, तरी थकवा तसाच

सहा महिन्यांहून जास्त थकवा, झोपून उठल्यावरही ताजंतवानं न वाटणं, आणि थोड्या श्रमानंतर, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, एकदम कोसळणं. हे चित्र असेल तर ‘एमई/सीएफएस’ (क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे दीर्घकाळ न हटणाऱ्या थकव्याचा आजार) हे नाव घेऊन डॉक्टरांशी बोला. इथे आहार आणि गोळ्यांची तुलनाच वेगळी होते, कारण दोन्हींनी हा आजार बरा होत नाही. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१च्या मार्गदर्शिकेत टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत नेण्याचा जुना उपचार काढून टाकला आणि अंगात जेवढी ताकद आहे तेवढ्यातच दिवस बसवायला सांगितलं. जीवनसत्त्वांनी आजार बरा होतो, याला पुरेसा पुरावा नाही असंही त्यात म्हटलं आहे.

अशा माणसासाठी ‘काय खावं’पेक्षा ‘ते कोण बनवणार’ हा प्रश्न मोठा असतो. माझ्या मैत्रिणीला हा आजार आहे. ती भाजी बसून चिरते, बऱ्या दिवशी दुप्पट शिजवून अर्धं गोठवून ठेवते, आणि एका मोठ्या जेवणाऐवजी चार वेळा थोडं थोडं खाते. वाईट दिवशी तिच्या उशाशी पाण्याची बाटली आणि न शिजवता खाता येईल असं काहीतरी ठेवलेलं असतं.