दख्खनी की माडग्याळ: छोट्या कळपासाठी कोणती मेंढरं?

आमच्या सांगोला भागात वीस-पंचवीस मेंढरं घ्यायची म्हटलं की हा प्रश्न येतोच. मी आधी विचारतो, उन्हाळ्यात चारा कुठून आणणार?

दख्खनी काळी, काटक. माण नदी कोरडी पडली, रानात फक्त बाभळीच्या शेंगा उरल्या तरी ती दिवसभर चालून पोट भरते. माडग्याळ मूळची जत तालुक्यातली. उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, पोपटासारखं बाकदार नाक. कोकरू झपाट्यानं वाढतं, बाजारात भावही चढा मिळतो. पण तिला खुराक लागतो: कडबा, मका, शेंगदाणा पेंड. चैत्रात कडबा महागला की सगळा हिशेब फिरतो.

पावसाळा दोघींनाही वाईट. ओल्या वाड्यात खूर कुजतात, कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं की आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष होऊन जनावर दगावण्याचा रोग, होतो. लस पावसाआधीच टोचून घ्या. एका वर्षी आम्ही उशीर केला. सकाळी वाड्यात दोन चांगली गुबगुबीत कोकरं मरून पडलेली, पोटं ढोलासारखी फुगलेली. अजून जीव तुटतो.

लोकरीत दख्खनी पुढे. तिच्या काळ्या लोकरीची घोंगडी होते. पण आता कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, तेव्हा लोकरीसाठी म्हणून ती घेऊ नका.

विहिरीला पाणी असेल, मका-लसूणघास पिकत असेल तर माडग्याळ. कोरडवाहू माळ असेल तर दख्खनी माद्याच ठेवा आणि त्यांच्यात माडग्याळ नर सोडा. आम्ही तेच करतो.