लिलावातली ग्रेंज की नाशिकची शिराझ?

भाऊ, सिराह अन् शिराझ ही रेड वाइनच्या एकाच द्राक्षाची दोन नावं, फरक बाटलीचा. ऑस्ट्रेलियाची नावाजलेली शिराझ म्हणजे पेनफोल्ड्स ग्रेंज, तिच्या १९९० च्या वाइनला वाइन स्पेक्टेटर या अमेरिकन मासिकानं १९९५ मध्ये वाइन ऑफ द इयर ठरवलं होतं, पण लिलावात नुसतं रेटिंग पाहून बोली लावू नका, फोटोत बुचाखाली वाइन किती उतरली ते बघा, लेवल बाटलीच्या खांद्याच्याही खाली गेली असेल तर हवा शिरली समजा, अन् हातोड्याच्या भावावर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, बायर्स प्रीमियम (लिलाववाल्यांचं कमिशन) वेगळा, इकडे आणायची तर कस्टम ड्युटी पण. वरून नागपूरचा मे महिना, पारा ४५ ला, अन् ग्रेंजला बारमाही १२-१४ डिग्री पाहिजे.

नाशिकची शिराझ दुकानातून आणा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, सावजी मटणासोबत उघडा, मस्त लागते. मी सध्या हीच घेऊन राहिलो, ग्रेंजच्या आधी वाइन फ्रिज.