सतारीसाठी न्यूरोफीडबॅक, आठ महिने वापरल्यानंतर

न्यूरोफीडबॅक म्हणजे डोक्याला सेन्सर लावून मेंदूच्या लहरी मोजायच्या आणि त्या बदलल्या की लगेच कानात आवाज येतो, त्यावरून मन कुठे आहे ते ओळखायला शिकायचं. डिसेंबरमध्ये सुरू केलं, आता ऑगस्ट चालू आहे. ओळखीतले बरेच जण विचारतात की डोक्याला पट्टा लावून सतार सुधारते का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहितेय.

मी बँकेत नोकरी करते, सतार वीस वर्षं शिकतेय. घरी आलाप छान होतो, पण चार माणसं समोर बसली की पहिली दहा मिनिटं डोक्यात पुढच्या तानेचा हिशोब चालू असतो, हात वाजवत राहतो आणि राग काही उभा राहत नाही. रियाज वाढवून हे जात नव्हतं.

मग २००३ साली छापून आलेल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या विद्यार्थ्यांवर एग्नर आणि ग्रुझेलियर या संशोधकांनी केलेला. डोळे मिटून बसायचं, मेंदूतल्या अल्फा लहरी (सेकंदाला साधारण ८ ते १२) वरचढ असल्या की कानात झऱ्याचा आवाज, त्याहून संथ थीटा वरचढ झाल्या की लाटांचा, म्हणजे झोपेच्या उंबरठ्यापर्यंत जायचं पण झोपायचं नाही. मला पटली ती एक गोष्ट, की वादनाचे व्हिडिओ बाहेरच्या परीक्षकांना दाखवले आणि आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं हे त्यांना माहीतच नव्हतं. तरी अल्फा-थीटा करणाऱ्यांचं वादन सुधारलेलं दिसलं. जास्त वेगाच्या लहरींचं ट्रेनिंग घेतलेल्यांचं तसं सुधारलं नाही.

आधी एका क्लिनिकमध्ये दहा सेशन केले. डोक्याच्या मागच्या बाजूला, टाळूच्या खाली, पेस्ट लावून इलेक्ट्रोड चिकटवतात, घरी येऊन केस धुवावेच लागतात. आदल्या रात्री तेल लावलं असेल तर सिग्नल नीट येत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. पहिले चार सेशन नुसता झरा. पाचव्याला लाटा ऐकू आल्या आणि मी इतकी खूश झाले की लगेच परत झरा सुरू! हे फार महत्त्वाचं आहे, धरायला गेलं की ती अवस्था जाते, आणि आपण कधी धरायला जातोय ते कानाला त्याच क्षणी कळतं. हे मला गुरुजी वीस वर्षं सांगतायत, "स्वराच्या मागे धावू नकोस", पण धावतेय हे मला आतून कळतच नव्हतं.

क्लिनिकमध्ये स्मरणशक्ती वाढेल, बुद्धी तल्लख होईल असंही सांगितलं होतं. ते माझ्या बाबतीत अजिबात झालं नाही. नवीन गत पाठ व्हायला आधी जितके दिवस लागायचे तितकेच लागतात, ऑफिसातल्या चुकाही तेवढ्याच. असं छातीठोक सांगून पैसे घेणं मला चुकीचं वाटतं आणि ते मी तिथे बोलूनही आले.

नंतर घरी वापरायचा पट्टा घेतला, आठवड्यातून चार दिवस, पंधरा मिनिटं. पण घेणाऱ्यांनो, एक लक्षात ठेवा, याचे सेन्सर कपाळावर आणि कानामागे असतात आणि डोळे मिटल्यावरचा अल्फा सगळ्यात जोरात येतो तो डोक्याच्या मागच्या भागात, त्यामुळे क्लिनिकसारखं हे नाही. टिकली काढायची, कपाळ ओल्या फडक्याने पुसायचं. सिग्नल सारखा बिघडायचा तर कारण निघालं इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा अॅडॅप्टर! घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण त्यात शिरते, आता बॅटरीवर लावते. सबस्क्रिप्शन मात्र खरंच महाग आहे.

एकदा पट्टा लावूनच सतार घेतली. वाजवताना मेंदूच्या लहरी नीट मिळत नाहीत, स्नायूंचा गोंधळच जास्त येतो, पण प्रत्येक लांब मींडेला (तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकताना) आलेख एकदम उसळत होता, कारण मी जबडा आवळत होते. आरसा समोर ठेवून पाहिलं तर खरंच. एवढी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. जबडा सोडला आणि मींड वरच्या स्वरावर जास्त वेळ टिकायला लागली, हा फायदा मी धरलेलाच नव्हता.

जुलैत नवऱ्याने नोव्हेंबरची आणि जूनची रेकॉर्डिंग तारखा काढून, नंबर टाकून गुरुजींना ऐकवली. आलापाच्या सहा जोड्यांपैकी पाचांत त्यांनी जूनचं निवडलं. द्रुत गतीच्या सहांत तीन-तीन, म्हणजे फरक काहीच नाही. जोड्या थोड्याच आहेत आणि मधल्या काळात रियाजही चालूच होता, त्यामुळे सगळं श्रेय पट्ट्याला मी देत नाही. पण वेगाच्या तयारीत फरक नाही आणि आलापात आहे, हे मला वाजवताना जे जाणवतं त्याच्याशी तंतोतंत जुळतं.

गुरुपौर्णिमेला बागेश्री राग वाजवला. हात गार होतेच, भीती गेलेली नाही. पण खालच्या, मंद्र सप्तकातल्या धैवतावर थांबले तेव्हा पुढचं काही मोजत नव्हते, आणि किती वेळ थांबले ते नंतर रेकॉर्डिंग ऐकून कळलं.

गेल्या महिन्यात सबस्क्रिप्शन बंद केलं. आता पट्टा न लावता रियाजाच्या आधी तेवढाच वेळ डोळे मिटून बसते, जमतंय. डिसेंबरमध्ये क्लिनिकचे परत दोन सेशन करून बघणार आहे, लाटा आपोआप येतात का ते.