मेस्ताच्या हातचं की मॉड्युलर? गोव्यातल्या घराच्या आतल्या कामाविषयी

फोंड्याला आमचं घर उभं राहिलं तेव्हा आतलं लाकूडकाम कोणाला द्यायचं यावर बराच खल झाला. शेवटी स्वयंपाकघर आणि कपाटं मॉड्युलर, म्हणजे कारखान्यात बनवून घरी आणून बसवलेली, घेतली, बाकीचं मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, करून घेतलं. दोन्ही वापरून झालंय, म्हणून सांगते.

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणून डिझाइनचं चित्र बघण्याआधी आत काय वापरणार ते विचारा. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा किंवा तंतू दाबून केलेल्या फळ्या, कडेनं पाणी पितात, फुगतात आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाहीत. आमच्या सिंकखालचा तळ दुसऱ्याच पावसाळ्यात भुशासारखा सुटला. मॉड्युलर घेणार असाल तर सिंकखाली तरी ‘आयएस ७१०’ छाप असलेलं मरीन प्लाय मागा, आणि न दिसणाऱ्या कडाही सील केल्यात का ते हात फिरवून बघा. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला कपाट चिकटवू देऊ नका. मागे दोन बोटं जागा हवीच, नाहीतर जुलैत कपड्यांना बुरशी येते. समुद्राजवळ राहत असाल तर बिजागऱ्या आणि मुठी ३१६ ग्रेडच्या स्टीलच्या मिळाल्या तर बघा. खाऱ्या हवेत ३०४ वरही तांबूस डाग पडतात.

एवढं सांभाळलं तर स्वयंपाकघर कारखान्याकडेच द्यावं असं माझं मत. खण अलगद सरकतात, माप चुकत नाही, आणि बसवायला आलेली माणसं दोन-तीन दिवसांत निघून जातात. मेस्ताचं काम लांबतं, लाकूड आणि सामान आपणच आणायचं, घरभर भुसा. एक मात्र करा, लॅमिनेटचा एक जादा पत्रा घेऊन ठेवा. चार वर्षांनी तेच डिझाइन मिळेल याचा भरवसा नाही.

दारं, खिडक्या, देवघर मात्र मेस्ताकडेच. जुन्या घराची भिंत ओळंब्यात नसते. तयार खोका तिथे फट सोडतो, मेस्त भिंतीप्रमाणे लाकूड रंधून बसवतो. सागवान किंवा फणस चांगलं वाळलेलं आहे ना, हे विचारून घ्या. चांगला मेस्त पावसातल्या फुगवट्यासाठी झडपेला फट ठेवतो. तरी दार अडकलंच तर रंधा घेऊन येतो. पॉलिश पावसाळ्यात करू नका, दमट हवेत ते पांढुरकं पडतं.

आणि चवथ, म्हणजे आमची गणेशचतुर्थी. बाहेरून आलेल्या डिझायनरला तुम्ही सांगितल्याशिवाय ती सुचणार नाही. हॉलला पीओपीचं फॉल्स सीलिंग, भिंतीला जखडलेला टीव्ही युनिट, मधोमध काचेचं पार्टिशन, असं चित्र तो काढतो. मग गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची माटोळी बांधायची कुठे? नारळ, सुपारीची कात्रं (घोस), केळीचा घड आणि रानातली फळं असा भार पीओपी कसा पेलणार? आम्ही मेस्ताकडून सुटी होणारी लाकडी चौकट करून घेतली. चवथ झाली की ती उकलून वर ठेवतो. पार्टिशनही घडीचं केलं, कारण आरतीला सगळी भावकी एकाच खोलीत उभी राहते. घरातलं सगळ्यात जपून केलेलं काम हेच, आणि ते कुठल्याही कॅटलॉगात सापडलं नसतं.

पणजीतल्या भाड्याच्या फ्लॅटसाठी हे दोन हिशेब मांडायची गरज नाही, सगळं मॉड्युलर घ्या. स्वतःचं घर असेल तर फॉल्स सीलिंगवाला यायच्या आधी मेस्ताला बोलवा, आणि माटोळीच्या हुकांच्या जागा त्याच्याकडून स्लॅबवर खडूने आखून घ्या.