‘शेपूट’ शब्दाच्या मागावर: शिकागो विद्यापीठाचा ऑनलाइन कोशसंग्रह

रोजच्या वापरातल्या शब्दाचे मूळ शोधू पाहणाऱ्या मराठी वाचकासाठी शिकागो विद्यापीठाने विनामूल्य खुल्या केलेल्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहाइतकी उपयुक्त सेवा माझ्या पाहण्यात दुसरी नाही. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश तेथे एकत्र मिळतात, आणि खरा लाभ ते ताडून पाहण्यात आहे.

‘शेपूट’ हाच शब्द घ्या. अर्थ, ‘शेप’ व ‘शेपटी’ ही भावंडे आणि ‘शेपूट घालणे’ यांसारखे वाक्प्रचार यांसाठी पहिले दोन कोश पुरेसे आहेत. सविस्तर व्युत्पत्तीसाठी मात्र टर्नर यांच्याकडे वळावे. तेथून पाली ‘छेप्पा’ आणि प्राकृत ‘छेप्प’ या रूपांवरून माग काढत आपण वैदिक ‘शेप’ या शब्दापर्यंत पोहोचतो, ज्याचा एक अर्थ पुरुषाचे जननेंद्रिय असा आहे आणि दुसरा शेपूट असा. हा दुसरा अर्थ किती जुना आहे, हे ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातील अजीगर्त ऋषीच्या मुलांच्या नावांवरून कळते: शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिन्ही नावांचा अर्थ कुत्र्याचे शेपूट असाच आहे, म्हणजे पुच्छ, शेप आणि लांगूल हे तिन्ही शब्द तेव्हा एकमेकांच्या जोडीने वावरत होते. पुढे हिंदीने ‘पूँछ’च्या रूपाने पुच्छाचा वंश चालवला, तर मराठीने बोलण्यात शेप राखला आणि ‘पुच्छ’ धूमकेतूसारख्या ग्रांथिक वर्णनांसाठी ठेवला. नुसता अर्थ सांगून थांबणाऱ्या कोशातून भाषेची ही निवड दिसत नाही.

उणिवाही आहेत. टर्नर यांचे शीर्षशब्द प्राचीन रूपांचे, रोमन लिपीत आणि उच्चारचिन्हांसह आहेत. भाषांची नावे संक्षेपाने येतात, त्यामुळे नवखा वाचक गोंधळतो. जुन्या मराठी कोशांत १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे लेखन असल्याने ‘घालणे’ हवे असेल, तर ‘घालणें’ असे टंकून पाहावे. टर्नर यांच्या कोशात मराठी शब्द शीर्षस्थानी शोधू नये. संपूर्ण मजकुरात शोध घेण्याचा पर्याय निवडावा.