वाइनवर अ‍ॅफिनिटी, छपाई नागपुरात: काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगतो. मी लिनक्सवरच, म्हणजे विंडोजऐवजी टाकलेल्या मोफत प्रणालीवरच, राहणार आहे. विंडोजसाठी बनलेले अ‍ॅफिनिटी डिझायनर २ (चित्रे आणि मांडणी करायचा प्रोग्राम) वाइनमधून, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनातून, चालते आणि त्यावर गिऱ्हाइकाचे काम वेळेत देता येते. अट एकच आहे, पण मोठी: मराठी मजकूर त्यात थेट टाइप करायचा नाही. आपल्याकडे डिझाइनचे निम्मे काम मराठी अक्षरांचेच असते, म्हणून त्याबद्दल खाली सविस्तर लिहिले आहे.

माझे काम पुस्तकांची मुखपृष्ठे, लग्नपत्रिका, संस्थांची माहितीपत्रके आणि हंगामात फ्लेक्स असे असते. छपाई बहुतेक नागपूरच्या महाल आणि इतवारी भागातल्या प्रेसमध्ये होते. संगणक सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. यंत्र धडधाकट, रॅम पुरेशी, स्क्रीन चांगली. फक्त एका अटीपायी ते भंगारात काढणे मला पटले नाही. म्हणून उन्हाळ्यातच, काम कमी असताना, लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकले.

लिनक्सवर इंकस्केप (चित्रांसाठी) आणि स्क्रायबस (पानांच्या मांडणीसाठी) ही मोफत साधने असताना हा खटाटोप कशाला, असे एका मित्राने विचारले. "काय करून राहिला बे, फुकटातलं चांगलं सोडून?" प्रश्न रास्त आहे. पुस्तकाची आतली पाने मी स्क्रायबसमध्येच लावतो, १.६ आवृत्तीत देवनागरी नीट जुळते आणि प्रेसला हवी तशी पीडीएफही निघते. पण मुखपृष्ठावर फोटो, चित्र, सावल्या, पारदर्शक थर असे सगळे एकत्र येते आणि ते सीएमवायके रंगांत, म्हणजे छपाईच्या चार शायांत (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी), डोळ्यांसमोर घडवावे लागते. इंकस्केपचा पाया एसव्हीजी या चित्र-फाइलप्रकाराचा, म्हणजे मुळात पडद्यावरच्या आरजीबी (लाल-हिरवा-निळा) रंगांचा. अ‍ॅफिनिटीत दस्तऐवज पहिल्यापासून सीएमवायकेमध्ये उघडता येतो. मला तेवढ्यासाठी ते हवे होते, आणि परवाना आधीच विकत घेतलेला होता.

वाइनबद्दल एक गैरसमज वारंवार ऐकतो, की त्याच्या आत आख्खे विंडोज दडलेले असते आणि म्हणून सगळे हळू चालते. तसे नाही. विंडोजचा प्रोग्राम खिडकी उघडणे, फाइल वाचणे, अक्षर रेखाटणे यासाठी विंडोजच्या ठरावीक फंक्शनना हाक मारतो. वाइनने तीच फंक्शने नव्याने लिहिलेली आहेत. ती हाक घेऊन काम लिनक्सकडून करवून घेतात. प्रोग्रामचा बाकी कोड थेट तुमच्या प्रोसेसरवर चालतो. हे काम १९९३ मध्ये सुरू झाले आणि १.० आवृत्ती यायला २००८ उजाडले. एवढी वर्षे माणसे दुसऱ्या कुणाच्या तरी प्रोग्रामसाठी हे लिहीत राहिली, याचा मला मनापासून आदर वाटतो. नागपुरातल्या प्रत्येक फ्लेक्सवाल्याला कोरलड्रॉ हा डिझाइनचा प्रोग्राम माहीत आहे; पण २००० साली त्याची ९ वी आवृत्ती लिनक्ससाठी निघाली होती आणि तीही वाइनच्याच आधाराने, हे फार कमी जणांना ठाऊक असते.

बसवण्याचे काम मी बॉटल्स या वाइन हाताळणाऱ्या प्रोग्राममधून केले. त्यात प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळी 'बाटली' बनते, म्हणजे स्वतंत्र फोल्डर. त्यात स्वतःचे सी ड्राइव्ह, स्वतःची रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही). एकात बिघाड झाला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. अ‍ॅफिनिटीसाठी डॉटनेट ४.८ हे मायक्रोसॉफ्टचे पूरक सॉफ्टवेअर लागते, आणि खऱ्या विंडोजच्या सिस्टम३२ मधले विनमेटाडेटा हे फोल्डर उचलून बाटलीत त्याच जागी ठेवावे लागते. माझ्याकडे परवान्याचे विंडोज होतेच, त्यातून घेतले. शिवाय अ‍ॅफिनिटीसाठी स्वयंसेवकांनी दुरुस्त्या घातलेली वाइनची शाखा आहे, ती 'रनर' म्हणून, म्हणजे बाटली चालवणारी वाइन म्हणून, निवडली. बॉटल्स फ्लॅटपॅक या बंदिस्त पॅकेजमधून घेतले असेल तर त्याला तुमची सगळी फोल्डरे दिसत नाहीत. फ्लॅटसील नावाच्या छोट्या साधनातून कामाच्या फोल्डरला परवानगी द्या, नाहीतर फाइल उघडण्याच्या खिडकीत तुमचे कामच दिसणार नाही. बटणे आणि अक्षरे बारीक दिसत असतील तर वाइनच्या सेटिंगमध्ये डीपीआय (पडद्यावरचा आकार ठरवणारा आकडा) ९६ वरून १२० किंवा १४४ करा.

एवढे झाल्यावर पेन टूल, नोड ओढणे, थर, मास्क, आकार जोडणे-वजा करणे ही सगळी रोजची कामे सुरळीत चालतात. सिस्टममध्ये टाकलेले फाँट आपोआप दिसतात. मोठ्या फोटोवर इफेक्ट चढवले की ग्राफिक्स कार्डाची मदत हवी तेवढी मिळत नाही आणि काम प्रोसेसरवर येते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना पंखा जो आवाज करतो तो ऐकवत नाही. बाहेरच्या फोल्डरमधून चित्र ओढून आत टाकणे कधी चालते, कधी नाही. मी 'प्लेस' आदेशच वापरतो. काही सेटिंग बंद करून उघडल्यावर परत मूळ जागी गेलेल्या दिसतात. याची सवय होते.

आता मराठीकडे. 'विदर्भ' हा शब्द कोणत्याही डिझाइन सॉफ्टवेअरची उत्तम परीक्षा घेतो. वि मधली वेलांटी व च्या आधी दिसायला हवी, आणि टाइप करताना आधी येणारा र, रफार होऊन भ च्या डोक्यावर जायला हवा. अ‍ॅफिनिटी २ मध्ये ही जुळणी होत नाही. वेलांटी भलत्या बाजूला बसते, र पाय मोडून एकटा उभा राहतो. 'दीक्षाभूमी' लिहा, क्ष फुटतो. यात वाइनचा काडीचा दोष नाही, विंडोजवरही हेच दिसते. त्या प्रोग्राममध्ये भारतीय लिप्यांच्या अक्षरजुळणीची सोयच नाही. गंमत म्हणजे कृतिदेवसारखे जुने फाँट त्यात अगदी बरोबर दिसतात, कारण तिथे जुळणी कुणी करायचीच नसते: इंग्रजी अक्षरांच्या जागी आधीच तुकडे भरलेले असतात. पण त्या मजकुराचा पुढे वेबसाइटवर किंवा शोधण्यासाठी काही उपयोग होत नाही, त्यामुळे मी तिकडे परत गेलो नाही.

मी मराठी इंकस्केपमध्ये लिहितो. तिथे जुळणी हार्फबझ हे अक्षरजुळणीचे साधन करते आणि ती चोख असते. फाँट बहुतेक वेळा 'मुक्ता' (Mukta) किंवा टायरो देवनागरी मराठी. दुसऱ्याचे मराठी वळणाचे ल आणि श मुखपृष्ठावर फार देखणे दिसतात. प्रूफ गिऱ्हाइकाने पास केले की मजकुराची एक प्रत जशीच्या तशी राखून ठेवायची आणि दुसरीचे 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून ती एसव्हीजी अ‍ॅफिनिटीत आणायची. आता तो मजकूर नाही, आकार आहेत; फुटण्याचा प्रश्नच मिटला. पत्रिकेत नंतर एखाद्या काकांचे नाव घालायचे झाले तर पुन्हा इंकस्केपला जावे लागते, तेवढा वळसा मान्य करावा लागतो. नावांच्या बाबतीत आपली माणसे शेवटच्या तासापर्यंत बदल सांगतात, हे लक्षात घेऊन वेळ धरा.

इथेच छपाईचा खरा धोका आहे आणि तो पडद्यावर अजिबात दिसत नाही. इंकस्केपमधून आलेला काळा रंग आरजीबीतला काळा असतो. सीएमवायके दस्तऐवजात तो चारही शायांचा मिळून बनलेला काळा होतो. ऑफसेटवर चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी बारीक मात्रा आणि अनुस्वारांच्या कडेला लाल-निळी झाक येते, आणि १० पॉइंटचा मजकूर धुरकट वाटतो. म्हणून आणलेला सगळा मजकूर निवडून रंग हाताने शून्य, शून्य, शून्य, १०० करायचा, म्हणजे फक्त काळी शाई. मग पीडीएफ/एक्स-१ए या छपाईच्या पीडीएफ प्रकारात निर्यात. त्यात पारदर्शक थर सपाट होतात आणि आरजीबी काही उरत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, त्यासाठी केलेली मुखपृष्ठे याच वाटेने छापून आली आणि अक्षरे धारदार उतरली. जुन्या विंडोजवरच्या कामाशेजारी ठेवली तर फरक ओळखता येत नाही.

पडद्यावरच्या रंगांवर मात्र विसंबू नका. मॉनिटरचे रंगप्रोफाइल लिनक्सने लावलेले असले तरी वाइनमधला प्रोग्राम ते आपणहून उचलेल याची खात्री नसते. महत्त्वाच्या कामाला कागदी प्रूफ काढूनच घ्या. हळदी-कुंकवाचे रंग, भगवा, निळा यांवर गिऱ्हाईक अडून बसते, आणि ते बरोबरच आहे.

सर्वांत जास्त बोलावे लागते ते सीडीआरबद्दल, म्हणजे कोरलड्रॉच्या फाइलबद्दल. फ्लेक्सच्या दुकानात पहिला प्रश्न हाच: "भाऊ, सीडीआर नाही का जी?" अ‍ॅफिनिटी २ सीडीआर उघडत नाही आणि देतही नाही. आलेली सीडीआर मी इंकस्केपमध्ये उघडून बघतो. साध्या रेषा-आकार नीट येतात, गुंतागुंतीचे इफेक्ट येत नाहीत. देताना मी १० बाय ६ फुटांचा फ्लेक्स असला तरी ठरलेल्या मापाची टिफ (तयार चित्राची फाइल) देतो. मारबतीच्या (पोळ्याच्या वेळच्या नागपूरच्या मिरवणुकीच्या) आधी गर्दी असते तेव्हा दुकानदारालाही तयार फाइल सोयीची पडते, कारण फाँट गहाळ होण्याची भानगडच नसते. पण तुमचा धंदा दुसऱ्यांच्या सीडीआरमध्ये फेरबदल करण्यावर चालत असेल, तर तुम्ही विंडोज सोडू नका. हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतो आहे.

लग्नसराई किंवा सणाच्या हंगामात रनर बदलायचा नाही, हा माझा नियम आहे. नवी वाइन दोन गोष्टी सुधारते तेव्हा तिसरी बिघडवूही शकते. चालती बाटली पूर्ण फोल्डरसकट दुसऱ्या डिस्कवर ठेवलेली आहे. नवे काही तपासायचे तर वेगळ्या बाटलीत, काम हातात नसताना. कॅनव्हाने २०२४ मध्ये अ‍ॅफिनिटीची मूळ कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी एकत्रित आवृत्ती मोफत केली. तिला कॅनव्हाचे खाते लागते. ती मी तशीच वेगळ्या बाटलीत चालवून बघणार आहे, आणि पहिला शब्द 'विदर्भ'च टाइप करणार आहे.